कोरडा डाग

रविवारी सकाळी साडेदहापासून बारापर्यंत मी माझ्याच घराच्या बंद दाराबाहेर उभा होतो. किल्ली आत होती. सासूबाईही आतच होत्या. जिन्याच्या बाजूला आमच्या पुढच्या खोलीची एक अरुंद खिडकी आहे, तिच्यातून मला त्यांची पाठ स्वच्छ दिसत होती. आरामखुर्चीत बसून त्या शब्दकोडं सोडवत होत्या. मी बेल वाजवली. मग दार वाजवलं. मग खिडकीची काच वाजवली. मग सभ्य माणूस स्वतःच्या सासूच्या पाठीला उद्देशून जे शब्द कधीच वापरणार नाही ते वगळून उरलेले सगळे शब्द वापरले. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं आणि पुढचा उभा शब्द घेतला.

सासूबाईंना ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण घरात त्या ते काढून डबीत ठेवतात. "त्यात मेला पंखाच ऐकू येतो," म्हणतात, "आणि जावईबापू जेवतात ते."

त्या दीड तासात जिन्यावरून सहा जण गेले आणि सहाही जणांनी मला "काय, बाहेर?" असं विचारलं. पायात घरातल्या चपला, दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या, डोकं स्वतःच्याच दाराला टेकलेलं, अशा माणसाला "काय, बाहेर?" असं विचारणाऱ्यांची मला कमाल वाटते. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्य अभियंता तर उतरतानाही विचारून गेले आणि चढतानाही. बारा वाजता बायको आली, तिने तिच्या किल्लीने दार उघडलं, आणि सासूबाई मान वर करून म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही बाहेर गेला होतात?"

दूध नासलं होतं, तेच मी पुढे केलं.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की बेल वाजली की सासूबाईंच्या डोळ्यांसमोर दिवा लागला पाहिजे. तयार मिळतात अशा वस्तू, हे मला नंतर निदान अकरा जणांनी सांगितलं. त्या अकरांना माझं एकच सांगणं आहे, की पोळलेल्या माणसाला तयार वस्तू नको असते. त्याला स्वतःच्या हातांनी काहीतरी करून दाखवायचं असतं.

मी एका कचेरीत आवक-जावक विभागात काम करतो. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण मी एक पुस्तिका आणली, पार्ट्सच्या दुकानातून यादीप्रमाणे सामान आणलं आणि तीन संध्याकाळी खपून सर्किट जुळवलं. सगळं एका पांढऱ्या प्लास्टिकच्या पाटीवर. ब्रेडबोर्ड म्हणतात तिला. तिला शेकडो भोकं असतात, त्यांत पार्ट्सचे पाय आणि तारा नुसत्या खुपसायच्या. आतल्या पट्ट्या ज्याला त्याला आपोआप जोडतात. एक बटणाएवढा मायक्रोफोन, आठ पायांची एक काळी चिप, काही किरकोळ मंडळी आणि शेवटी एक लाल दिवा. मायक्रोफोन बेलखाली लटकवला, पाटी फ्रिजवर ठेवली. बेल वाजवली. दिवा लागला! दहा सेकंद लागून राहिला आणि विझला. मी अठरा वेळा बेल वाजवली. अठराही वेळा लागला. सासूबाईंनी दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून माझ्याबाबतीत हे दोन शब्द लग्नानंतर प्रथमच निघाले होते.

हा आनंद शुक्रवारपर्यंत टिकला. शुक्रवारी बायकोने फ्रिजवरची धूळ पुसली.

"एक तार खाली पडली होती," ती म्हणाली, "मी परत लावलीय कुठेतरी."

कुठेतरी! त्या पाटीला चारशे भोकं आहेत. मी दोन तास शोधत होतो. शोधून लावली, तर रात्रभर फ्रिजच्या थरथरीने आणखी दोन सुटल्या. त्या लावल्या, तर मायक्रोफोन सुटला. चौथ्या दिवशी बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, हे असं किती दिवस? एक तर कायमचं काय ते करा, नाहीतर काढून टाका."

कायमचं करायचं म्हणजे सोल्डरिंग करायचं, शिसं वितळवून सांधे झाळायचे. पुस्तिकेत त्यावर अर्धं पान होतं. त्यातलंही अर्धं चित्र. मी पुन्हा पार्ट्सच्या दुकानात गेलो.

या दुकानदाराविषयी दोन शब्द बोलणं भाग आहे. त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव असतो आणि तो भाव 'हा माणूस परत येणार' असा आहे. मी सोल्डरिंगची कांडी मागितली, त्याने दिली. शिशाच्या तारेचं रीळ मागितलं, दिलं. बोर्ड मागितला, त्याने बारीक भोकांची एक पट्टी दिली. प्रत्येक भोकाभोवती मागच्या बाजूला तांब्याची टिकली. "आणखी काही?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "बरं," तो म्हणाला, आणि तोच भाव.

जेवणाच्या टेबलावर मी कामाला बसलो. ब्रेडबोर्डवर जो पार्ट जिथे होता, तो तिथेच या नव्या पट्टीत बसवला. उलटी करून एकेका पायावर शिसं ओतलं. धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं, पण छत्तीसच्या छत्तीस पाय टिकल्यांना चिकटले. बॅटरी लावली. काही नाही. बेल वाजवली. काही नाही. टाळ्या वाजवल्या, भांडी वाजवली, पट्टीसमोर उभा राहून "अहो" म्हणून ओरडलो. काही नाही.

दुकानदाराने पट्टी हातात घेतली, उलटली आणि म्हणाला, "नक्षी चांगली आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कशालाच काही जोडलेलं नाही. ब्रेडबोर्डला आतून पट्ट्या असतात. याला नसतात. इथे जोडायचं काम तुमचं."

छत्तीस पाय, आणि एकाचीही दुसऱ्याशी ओळख नाही. आमच्या इमारतीसारखं. माझा संताप झाला तो या माणसावर, कारण हे त्याला बोर्ड विकतानाच सांगता आलं असतं. मी तसं म्हणालो. तो म्हणाला, "मी विचारलं होतं, आणखी काही?"

घरी आलो तर आणखी एक प्रकरण वाट पाहत होतं. मी गडबडीत कांडी टेबलावर ठेवून गेलो होतो. प्लग काढलेला नव्हता. टेबलाच्या बरोबर मधोमध, जिथे पाहुण्यांची पहिली नजर जाते, तिथे बोटभर लांबीचा काळा खड्डा पडला होता. बायको खड्ड्याकडे बोट दाखवून उभी होती. ती एक अक्षर बोलत नव्हती, आणि पंचवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, ती बोलत असते तेव्हा बरी.

"घरात नाही," शेवटी ती म्हणाली. "हे काम यापुढे घरात नाही."

म्हणून मी जिन्याच्या मोकळ्या जागेत आलो. आमच्या दाराबाहेर पायपुसण्याएवढी रुंद जागा आहे, तिथे भिंतीत एक सॉकेट आहे, जिना झाडणाऱ्या यंत्रासाठी इमारतीने बसवलेलं. मी एक स्टूल मांडलं, त्यावर एक फळी, फळीवर सामान, आणि शनिवारी दुपारी बसलो. माझ्या हयातीतली ही सर्वात मोठी चूक. घरात बसून चुकलो असतो तर तीन माणसांना कळलं असतं. जिन्यात बसून चुकणं म्हणजे जाहीर व्याख्यान.

पहिले आले मुख्य अभियंता. या गृहस्थांनी आयुष्यभर धरणं बांधली. बोगद्यापेक्षा लहान वस्तूवर त्यांची नजरच ठरत नाही. ते दोन पायऱ्या वर उभे राहून पाच मिनिटं पाहत राहिले.

"चुकतंय," ते म्हणाले. "शिसं कुठे वितळवताय?"

"सांध्यावर."

"चूक. शिसं आधी कांडीच्या टोकावर घ्यायचं, चांगला थेंब होऊ द्यायचा आणि मग नेऊन सांध्यावर ठेवायचा. आम्ही काँक्रीट कसं ओततो? आधी कालवतो, मग नेऊन ओततो. जागेवर थोडंच कालवतो?"

इतक्या मोठ्या धरणांच्या माणसाने इतक्या ठामपणे सांगितल्यावर मी कोण? मी थेंब घेऊन सांध्यावर ठेवू लागलो. तेवढ्यात दार उघडलं आणि सासूबाई बाहेर आल्या. यंत्र कानात नव्हतं. त्या माझ्या खांद्यावरून वाकून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी टोक सांध्याला लावा. सांधा तापू द्या. मग तार."

मी मोठ्याने म्हणालो, "आई, बेल नाही वाजली! आम्ही आमचं बोलतोय, सर्किटचं!"

मुख्य अभियंता सहानुभूतीने हसले. सासूबाईंनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. दार त्यांनी जरा जोरातच लावलं. ऐकू येत नाही, म्हणून जोरात लागतं, असं मला त्या वेळी वाटलं.

दुसऱ्या मजल्यावर दातांची डॉक्टरीण राहते. ती संध्याकाळी दवाखान्यातून परतताना थांबली, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझे सांधे न्याहाळले. "याला कीड लागलीय," ती म्हणाली. मी म्हटलं, हा दात नाही. "दिसतंय ना," ती म्हणाली, "दात असता तर मी काढला असता." माझ्यासाठी ती एक बारीक आरसा ठेवून गेली, तोंडात घालून मागची दाढ बघायचा. एवढ्या इमारतीत उपयोगाची वस्तू दिलेली ती एकच व्यक्ती, म्हणून तिच्याबद्दल मी अधिक बोलत नाही.

या खेपेला मी सगळ्या जोडण्या केल्या. पार्ट पट्टीच्या वर आणि जोडण्या खाली, म्हणून पट्टी उलटून आकृतीत डावीकडे दिसेल ते डावीकडे, उजवीकडे दिसेल ते उजवीकडे, असं एकेक जोडत गेलो. बॅटरी लावली. चिपच्या पाठीतून धुराची एक सरळ रेघ वर गेली आणि कसलासा वास आला. वाचकांनी शिकावं म्हणून सांगतो: वस्तू उलटी केली की डावं उजवं होतं. हे लहान मुलाला कळतं. मला कळलं नाही, कारण माझ्याभोवती तोपर्यंत पाच माणसं उभी राहून बोलत होती आणि त्यातले तिघे बोगद्याविषयी बोलत होते.

दुकानदाराने जळकी चिप पाहिली. "आरशात बघून बांधलंत का?"

मी त्याच्याशी न बोलता नवी चिप घेतली, या खेपेला दोन पट्ट्या घेतल्या आणि निघालो.

तिसऱ्या खेपेला प्लंबर भेटला. तो दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नळ दुरुस्त करून चालला होता. माझे शिशाचे गोळे पाहून त्याला खरोखर दया आली. थेंब टिकलीवर ठेवला तर बसायचा, पण बोट लावलं तर मण्यासारखा डुगडुगायचा. "साहेब, हे धरणार कसं?" तो म्हणाला. "तुम्ही मलम कुठे लावलंय?" आणि पिशवीतून त्याने एक डबी काढली. पाइप झाळताना लावायचं मलम. "हे लावा. शिसं असं पळत जाईल." लावलं. शिसं खरंच पळत गेलं. सगळे सांधे चकाकले. बॅटरी लावली, टाळी वाजवली, आणि दिवा लागला. मी प्लंबरला मिठी मारली. मुख्य अभियंता वरून म्हणाले, "मी सांगितलेल्या पद्धतीनेच झालं शेवटी."

मी तो बोर्ड एका प्लास्टिकच्या डब्यात घातला, फ्रिजवर ठेवला आणि तीन दिवस सुखाने झोपलो.

चौथ्या दिवशी दारावर पत्र आलं. पाठवणार इमारतीच्या समितीचे चिटणीस. हे गृहस्थ आमच्याच जिन्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहतात, तरी पत्र टपालाने आलं होतं. विषय: 'सामायिक जागेत सामायिक विजेवर ज्वलनशील उद्योग केल्याबाबत'. खाली चार मुद्दे. मी जिन्यात धूर केला, वहिवाट अडवली, समितीची वीज वापरली आणि, हा चौथा मुद्दा मी आजही विसरलेलो नाही, 'वारंवार मोठ्याने बोललो'. बेलशी जोडलेलं कोणतंही स्वनिर्मित उपकरण समितीच्या परवानगीशिवाय वापरू नये. अर्ज तीन प्रतींत करावा, सोबत सर्व बारा घरांच्या ना-हरकती जोडाव्यात.

एकोणतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो. तीन प्रती, सोबत जोडपत्रं. सांगताना कधी समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आता मी आरशात तो चेहरा पाहिला. तो चांगला दिसत नव्हता.

मी अर्ज केला. बारा घरं फिरलो. मुख्य अभियंत्यांनी सही करताना 'माझ्या मार्गदर्शनाखाली' असं कंसात लिहिलं. चिटणीसांनी अर्ज हातात घेतला आणि म्हणाले, "अकराच आहेत."

"बारावं घर माझं आहे."

"मग तुमची ना-हरकत कुठाय?"

"मीच अर्जदार आहे! मला माझीच हरकत कशी असेल?"

"ते तुम्ही लिहून द्या ना," चिटणीस म्हणाले. "मी तुमच्या मनातलं कसं सांगू?"

मी लिहून दिलं. तारीख वेगळी पडली म्हणून त्यांनी सगळा गठ्ठा परत केला. गठ्ठा घेऊन मी घरी आलो आणि दाराची बेल वाजवली. दिवा लागला असेल या खात्रीने उभा राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. खिडकीतून पाहिलं. सासूबाई शब्दकोडं सोडवत होत्या. फ्रिजवर अंधार.

शेवटी खिशातल्या किल्लीने मी आत गेलो आणि डबा उघडला. चकाकणाऱ्या सांध्यांवर हिरवी बुरशी आल्यासारखं झालं होतं. प्लंबरचं मलम तांबं खाऊन बसलं होतं. एका पार्टला बोट लावलं, तो निखळून हातात आला. दुसऱ्याला लावलं, तोही आला. आणि मग माझ्या आत काहीतरी निखळलं.

मी बोर्ड घेऊन जिन्यात आलो आणि ओरडलो. संपूर्ण जिन्याला उद्देशून ओरडलो. धरणांना, नळांना, तीन प्रतींना, त्या दुकानदाराच्या तोंडाला, सगळ्यांना. "तीन आठवडे!" मी ओरडलो. "एक दिवा! एक साधा दिवा लावायचा होता मला! आणि कुणासाठी? स्वतःसाठी नाही! जिला काही ऐकूच येत नाही तिच्यासाठी!" आणि बोर्ड पायरीवर आपटला, नेमका बाहेरून परतणाऱ्या बायकोच्या पायाशी.

मागे दार उघडलेलं होतं. सासूबाई उभ्या होत्या. यंत्र कानात घातलेलं होतं.

त्या खाली वाकल्या, बोर्ड उचलला, चष्मा काढून डोळ्यांजवळ धरला आणि टिकल्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"हे काय आहे माहितीय?" त्या म्हणाल्या. "कोरडा डाग. वरून बसलेला दिसतो, आत धरलेला नसतो. आमच्याकडे असा एक जरी सापडला तरी अख्खा रेडिओ परत यायचा आणि मुकादम नाव घेऊन हाक मारायचा. मला एकवीस वर्षांत चार वेळा मारली. चार."

"आमच्याकडे?" मी म्हणालो.

"रेडिओच्या कारखान्यात. तिसऱ्या रांगेत. दिवसाला नऊशे डाग देत होते मी, जावईबापू. ही उभी आहे ना तुमची बायको, ती याच डागांवर शिकली."

बायको माझ्याकडे पाहत होती. मला कारखाना माहीत होता. लग्नाच्या बोलणीतच कुणीतरी म्हणालं होतं, मुलीची आई कारखान्यात आहे. मला वाटलं, पॅकिंगमध्ये. पंचवीस वर्षं मला वाटत राहिलं, पॅकिंगमध्ये. खोकी चिकटवत असतील. विचारावं असं कधी डोक्यात आलं नाही.

"मग आई, तुम्ही बोलला का नाहीत?" मी म्हणालो. चूक झाली. बोलता बोलताच कळलं.

"बोलले," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तो माझ्या ओरडण्यापेक्षा कितीतरी वाईट होता. "याच जिन्यात बोलले. तुम्ही मला म्हणालात, बेल नाही वाजली. त्या धरणवाल्याचं ऐकलंत. नळवाल्याचं ऐकलंत. दातवालीचं ऐकलंत. जिन्यावरून मांजर गेलं असतं तर त्याला विचारलं असतंत. मला ऐकू येत नाही, जावईबापू. मला दिसतं. त्या दिवसापासून मी बघतेय, तुम्ही थेंब उचलून ठेवताय."

मी मान खाली घातली. आता खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा मला थोडा रागच होता. फक्त तो कुणावर काढावा ते सापडत नव्हतं. शेवटी सापडलं, आणि तो माणूस माझ्याच चपलांत उभा होता.

"सरका," त्या म्हणाल्या.

स्टुलावर त्या बसल्या. सॉकेट समितीचं आहे, असं मी म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. त्यांनी नवी पट्टी मागितली. जास्तीची आणलेली होती, ती दिली. ओलं फडकं मागितलं, कांडीचं टोक त्यावर पुसलं, चर्र झालं. दुकानदाराने कधीतरी फुकट टाकलेली एक छोटी आठ भोकांची खोबणी माझ्या पिशवीत पडून होती. ती त्यांनी बरोबर शोधली. "चिप थेट झाळायची नाही. आधी घर बसवायचं, मग त्यात चिप. भाडेकरू बदलतो, घर राहतं." पट्टी उलटल्यावर चिपच्या पहिल्या पायाशी त्यांनी पेन्सिलीने एक टिंब दिलं, डावं-उजवं होऊ नये म्हणून. शब्दकोड्याच्याच पेन्सिलीने.

मग त्यांनी टोक सांध्याला टेकवलं. मनात दोन आकडे मोजावेत एवढं थांबल्या. दुसऱ्या बाजूने तार टेकवली. शिसं आपल्या आपण पायाभोवती चढलं आणि बसलं, लहानशा शंकूसारखं, चकचकीत. तार बाजूला, मग कांडी बाजूला. पुढचा. मी उजेडासाठी टॉर्च धरून उभा होतो. मुख्य अभियंता उतरत होते, ते दोन पायऱ्यांवर थबकले, तोंड उघडलं, सासूबाईंच्या हाताकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"हाच वास," बायको मागून म्हणाली. शिशातल्या राळेचा धूर होता. "लहानपणी आईच्या हातांना हाच वास यायचा. मला वाटायचं, सगळ्यांच्या आयांना येतो."

पस्तीस मिनिटं लागली. बॅटरी लावली, सासूबाईंनी स्वतः टाळी वाजवली. दिवा लागला. त्यांनी बोर्ड हातात घेऊन झटकला, फळीवर आपटला, पुन्हा टाळी वाजवली. लागला. बायकोने तो आत नेऊन फ्रिजवर ठेवला. "एक राहिलंय," सासूबाई म्हणाल्या. बोर्डवर स्क्रूने फिरवायचं एक लहान बटण असतं, किती आवाजाला दिवा लागावा ते त्याने ठरतं. "हे बसवायचंय. बेल कळली पाहिजे, बाकी गडबड नको." त्यांनी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, कारण काम संपलं होतं, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आत गेल्या.

नेमके तेव्हा चिटणीस आले. हातात नवं पत्र. जिन्यातल्या स्टुलाकडे, सॉकेटमधल्या प्लगकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे काय चाललंय? परवानगी आहे का?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे बोलण्यासारखं भरपूर होतं, तीन आठवड्यांचं साठलेलं. पण सासूबाई दारात आल्या आणि त्यांनी मला हाताने मागे सारलं.

"काय म्हणताय?" त्या चिटणीसांना म्हणाल्या.

"म्हणतोय, परवानगी आहे का!"

"काय?"

"परवानगी!" चिटणीस ओरडले.

घरात फ्रिजवर लाल दिवा लागला. सासूबाईंनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"लागतोय," त्या म्हणाल्या. "अजून बोला."

"आजी, नियम असा आहे की, सामायिक जागेत..."

"लागला. आता जरा हळू."

"हळू म्हणजे?"

"हळू बोला. बघू कुठपर्यंत पकडतो." त्या फ्रिजपाशी जाऊन बटण फिरवू लागल्या. "बोला, थांबू नका."

आता सांगायला विचित्र वाटतं, पण चिटणीस बोलले. त्यांना थांबताच येईना. समोरची बाई इतकं लक्ष देऊन ऐकतेय असं त्यांना आयुष्यात बहुधा प्रथमच वाटत असावं. कलम सात त्यांनी भाषणाच्या आवाजात सांगितलं, दिवा लागला. कलम आठ बोलण्याच्या आवाजात, दिवा लागला. "अजून हळू," सासूबाई म्हणाल्या आणि बटण एक केसभर फिरवलं. दंडाची तरतूद त्यांनी शेजाऱ्याच्या कानात सांगावी तशी सांगितली. दिवा लुकलुकला. आणखी केसभर. पोटकलम 'क' तर इतक्या खाली आलं की दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या मलाही त्यातलं काही कळलं नाही. चिटणीसांचे फक्त ओठ हलत होते.

दिवा लागला नाही.

"बास," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्क्रूड्रायव्हर ठेवला, दारापाशी आल्या, चिटणीसांच्या हातातलं पत्र घेतलं आणि त्याची घडी घालून शब्दकोड्याच्या वहीत ठेवलं. "आता बरोबर बसलं. या तुम्ही."

चिटणीस जिना चढून गेले, ते चवड्यांवर.